मुलांचे भय आणि मुक्ताईची ताटी

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

ज्येष्ठ महिन्यात कोथळी-मुक्ताईनगराहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरीची वाट धरते, आणि बहुधा त्याच सुमारास गावोगावच्या शाळांची घंटाही वाजू लागते. एक दिंडी मोठ्यांची, दुसरी लहानांची. पहिल्या दिंडीतल्या वारकऱ्याची आपण किती काळजी वाहतो! त्याचे पाय चेपतो, त्याला भाकरी देतो, तो थकला तर त्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतो. पण दुसऱ्या दिंडीत पाठीवर दप्तर घेऊन निघालेल्या लेकराच्या पोटात भयाचा गोळा उठला, तर आपण म्हणतो, ‘नाटकं करू नकोस, नीघ आधी!’ आज त्या दुसऱ्या दिंडीविषयी चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

कोणी म्हणेल, परमार्थाच्या मासिकात शाळेच्या वर्गाचे काय काम? तर ऐका. गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले, आणि त्यांत पहिले नाव घेतले अभयाचे. सत्य नंतर आले, दान नंतर आले, तपही नंतर आले. घराचा पाया खचला तर वरचे मजले काय कामाचे? ज्या चित्तात भय बसले आहे, तेथे विद्याही उतरत नाही आणि भक्तीही उतरत नाही. म्हणून लेकराला निर्भय करणे हे परमार्थाबाहेरचे काम नव्हे. ते परमार्थाचे पहिले पाऊल आहे.

पहूरच्या एका सप्ताहात रात्रीचे कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. कापूस लावणारे साधे शेतकरी. म्हणाले, ‘महाराज, मुलगी सातवीत आहे. सोमवार उजाडला की पोट दुखतं. रविवारी ठणठणीत असते. डॉक्टरांना दाखवलं, पोटात काही दोष नाही. वर्गात धडा वाचायला उभी केली की आवाज फुटत नाही, हात कापतात. आता शाळेतच जात नाही म्हणते. घरात कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं आळस आहे. तुम्हीच सांगा, धागा बांधू का छडी काढू?’

मंडळी, हा प्रश्न एका बापाचा नव्हे, घरोघरचा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की १० ते १९ या वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मनाचा कोणता ना कोणता आजार असतो. चिंता हा त्यांतला फार मोठा भाग. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव दिल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांच्या त्या यादीत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. संतांची भूमी म्हणविणाऱ्यांनी हा आकडा ऐकून मान खाली घालावी की नाही?

आता मूळ विचाराकडे वळू. मुलाच्या अंगात त्या वेळी होते तरी काय?

गीतेचा पहिला अध्याय उघडा. अर्जुन काय लहान पोर होता? पण दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहिला आणि त्याचे काय झाले, ते तो स्वतःच सांगतो. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग थरथरले, रोमांच उभे राहिले, हातातले गांडीव निसटू लागले, कातडीचा दाह झाला, उभे राहवेना, मन भोवंडू लागले. आता डोळे मिटून वर्गात उभ्या केलेल्या त्या मुलीला पाहा. गांडीवाच्या जागी पुस्तक आहे, एवढाच काय तो फरक. आजचे वैद्यकही हेच सांगते. संकट दिसले की शरीर झुंजावयास वा पळावयास सज्ज होते. छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, पोटातले पचनाचे काम मंदावते, म्हणून पोटात गोळा येतो. शेतात वाघ दिसला तर ही सज्जता जीव वाचविते. पण वर्गात वाघ नाही, आणि शरीराला ते कळत नाही. तेव्हा ते पोटदुखणे खोटे नव्हे, बरं का! पोटात दोष नसेल, पण दुखणे खरे आहे. ‘तुला काही झालं नाही’ असे म्हणणे म्हणजे अर्जुनाला ‘तुझा हात कापतच नाही’ असे सांगण्यासारखे होय.

त्यावर भगवंतांनी काय केले, हे फार बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाचा विषाद सुरू झाल्यावर श्रीकृष्ण मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. सगळे ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते बोलतात ते कठोर बोलतात, दुबळेपणा सोड म्हणून धिक्कारतात. आणि परिणाम काय झाला? अर्जुन उठला का? छे! तो ‘मी लढणार नाही’ असे सांगून गप्प बसला. सातशे श्लोकांच्या त्या ग्रंथात धिक्कार कामी आल्याचे कोठे लिहिलेले नाही. मग भगवंत किंचित हसल्यासारखे झाले, आणि तेथून पुढे उपदेशाचा ओघ सुरू झाला. म्हणजे गुरुजी वर्गात आरडाओरडा करतात, बाप घरात हात उगारतो, ते दोन श्लोकांवरच अडकले आहेत. पुढची गीता त्यांनी वाचलीच नाही! शेवटी अठराव्या अध्यायात देव विचारतात, ‘नीट ऐकलेस ना? मोह गेला ना?’ आणि अर्जुन सांगतो, की माझी स्मृती मला परत मिळाली. पाहा, स्मृती गेली नव्हती, भयाखाली दबली होती. घरी पाठ असलेला पाढा फळ्यासमोर आठवत नाही, त्याचे मर्म हेच. भय गेले की स्मृती परत येते.

यावर कोणी पूर्वपक्ष करील, ‘महाराज, आमच्या वेळी छडी खाऊनच आम्ही शिकलो. भय नसेल तर पोर अभ्यास करील का?’ याचे उत्तर असे. छडी खाऊन जे शिकले ते आज बोलावयास पुढे येतात. छडीच्या भयाने शाळाच सोडून गुरांमागे गेले, ते कोठे बोलतात? आणि आदर वेगळा, दहशत वेगळी. आदराने मान लवते, दहशतीने बुद्धी लवते. शिवाय कायदाही आता स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने वर्गात मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यासही बंदी केली आहे. चारचौघांत ‘मठ्ठ’ म्हणणे हाही छळच आहे.

भागवताच्या सातव्या स्कंधात एक प्रसंग आहे. हिरण्यकशिपूने आपला मुलगा शंड आणि अमर्क या गुरुपुत्रांच्या शाळेत घातला. काही दिवसांनी त्याला मांडीवर घेऊन लाडाने विचारले, ‘बाळा, काय शिकलास?’ मुलाचे उत्तर बापाला रुचेना. मग एके दिवशी त्याच मांडीवरून त्याने त्याला जमिनीवर ढकलून दिले. आपण हिरण्यकशिपूला राक्षस म्हणतो. पण निकालाच्या दिवशी आपल्या घरात काय होते? गुण चांगले तर मांडी, गुण कमी तर जमीन! मुलाला कळते, की ही मांडी माझी नव्हे, माझ्या गुणपत्रिकेची आहे. अशा लेकराला परीक्षेचे भय वाटेल नाही तर काय? आईबापांनो, मांडी निकालावर ठेवू नका.

आता मुक्ताईच्या दाराशी चला. खानदेशच्या मातीत, तापीकाठी मेहूणला ती गुप्त झाली. ती आपल्या घरची माय आहे. ज्ञानोबारायांना लोकांनी अपमानाचे शब्द ऐकविले, तेव्हा ते खिन्न होऊन पर्णकुटीत शिरले आणि त्यांनी आतून ताटी लावून घेतली, ही कथा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. ज्याने पुढे विश्वाला पसायदान दिले, त्यालाही एके दिवशी दार लावून बसावेसे वाटले. मग सातवीतल्या पोरीला वाटले तर तिला आळशी कसे म्हणावे? त्या वेळी धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहिली. तिने ताटी तोडली नाही. लाथ मारली नाही. ‘लोक काय म्हणतील’ असे भय घातले नाही. ‘बस तसाच आत’ म्हणून ती निघूनही गेली नाही. ती दाराशी थांबली आणि भावाला त्याच्याच थोरवीची आठवण देत राहिली. ताटी उघडली ती आतून, ज्याने लावली त्याच्याच हाताने. ताटीच्या अभंगांचे हे वर्म आहे. दार तोडणे ही एक चूक, दार सोडून जाणे ही दुसरी. दाराशी थांबून बोलत राहणे ही मुक्ताईची रीत.

आणि ही रीत वर्गात चालविणारा शिक्षक आपल्याच खानदेशात होऊन गेला. अमळनेर म्हणजे सखाराममहाराजांचे गाव. तेथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. आईबापांना सोडून आलेली खेड्यापाड्यांतली मुले; त्यांची मने किती भेदरलेली असतील! गुरुजींनी तेथे छडीचे राज्य केले नाही. मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, अंथरुणे नीट केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून मुलांशी रोज बोलत राहिले. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकातला श्याम पाण्याला भितो, चुकतो, रुसतो, आणि आई त्याला घडविते. याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरास उपोषण करून विठ्ठलाच्या मंदिराचे दार हरिजनांसाठी उघडविले. ज्याला मुलाच्या मनाची ताटी उघडता आली, त्यालाच देवाचे दारही उघडता आले, असे मी समजतो.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय? कारण नुसते निरूपण ऐकून पोट भरत नाही.

पहिली गोष्ट, कारण शोधा. भयाला मूळ असते. आमच्या जामनेर तालुक्यात घरी तावडी बोलली जाते. पोर शाळेत तसे बोलले की वर्ग हसतो, आणि मग ते तोंडच उघडीत नाही. कोणी कापूस वेचणीच्या दिवसांत आठवडाभर गैरहजर राहिलेले असते आणि मागचे कळत नाही म्हणून भिते. कोणाला वर्गातले थोर पोर छळते. कोणाच्या घरात रात्री भांडण असते. रागावून विचाराल तर सांगणार नाही. शेतात जाताना, गाईला चारा घालताना, शेजारी बसून विचारा. भाषेचे म्हणाल, तर ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये लोकांच्या बोलीतच गीता आणली. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, पण त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली आणि पंडितांनी माना डोलावल्या. घरच्या बोलीला हसणाऱ्या वर्गाला गुरुजींनी हे सांगावे.

दुसरी गोष्ट, श्वास. भय आले की श्वास आखूड होतो. तो लांब केला की शरीराला निरोप जातो, की वाघ गेला. पाय जमिनीवर टेकवावे, ‘विठ्’ म्हणता हळूच श्वास आत घ्यावा आणि ‘ठल’ म्हणता त्याहून सावकाश, दुप्पट लांब सोडावा. असे दहा वेळा. नाम मनात, कोणास कळण्याचे कारण नाही. अन्य धर्माच्या मुलाने आपल्या देवाचे नाव घ्यावे, नाही तर नुसते आकडे मोजावे, गुण येतोच. मात्र आग लागल्यावर विहीर खणू नये. घरी शांत वेळी, रोज निजताना याचा सराव करावा, तरच वर्गात उपयोग होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि येथेच पुष्कळ माया करणारे आईबाप चुकतात. लेकरू भिते म्हणून त्याला घरीच ठेवू नये. घरी राहिले की आज बरे वाटते, पण उद्याचे भय दुणावते. भयाला कळते, की रडले की सुटका होते. मग काय, फरपटत न्यावे? तेही नाही. वारी आठवा. मुक्ताईची पालखी सुमारे महिनाभर चालते. मुक्ताईनगराहून कोणी एका दिवसात पंढरीस जात नाही, मुक्काम असतात. गीतेच्या सहाव्या अध्यायातही मन आवरण्याचा उपाय हळूहळू करण्यास सांगितला आहे. तसे मुलाचे मुक्काम बांधा. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत. मग मैत्रिणीबरोबर दाराजवळच्या बाकावर एक तास. मग अर्धा दिवस. मग पूर्ण दिवस. एका मुक्कामी चित्त स्थिर झाले, की पुढचा. एखादे दिवशी मागे यावे लागले तरी वारी मोडली असे समजू नये. पाऊस लागला म्हणून मुक्काम वाढला, इतकेच.

उभे राहून वाचण्याचे भयही असेच काढावे. आळंदीस जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात वीणा घालून त्याला हजारांपुढे उभा करीत नाहीत. आधी टाळ, पावली, पाठांतर, आधी टाळकऱ्यांच्या रांगेत सर्वांबरोबर म्हणणे, मग कीर्तन. चार वर्षांचा क्रम आहे. आम्हां कीर्तनकारांना विचारा, मंगलाचरणाला घसा अजूनही कोरडा पडतो. पण मागे टाळकरी उभे आहेत हे ठाऊक असते, म्हणून आवाज निघतो. वर्गातही आधी सगळ्यांनी मिळून वाचावे, मग दोघींनी, मग एकटीने दोन ओळी. गुरुजींनी आदल्या दिवशी हळूच सांगून ठेवावे, की उद्या तुला हा परिच्छेद वाचायचा आहे; घरून तयार होऊन ये. एक गुप्त खूण ठरवावी. मुलाने बाकावर पेन आडवे ठेवले, की दोन मिनिटे पाणी पिऊन येण्याची मुभा. आजचा क्रम सकाळीच फळ्यावर लिहावा, म्हणजे पुढे काय येणार हे ठाऊक राहून चित्त धास्तावत नाही. आणि गुण मोठ्याने वाचून दाखवू नयेत. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटण्याने मडकी तपासली, तेव्हा नामदेवराय कच्चे ठरले आणि रडत पांडुरंगाकडे गेले, अशी कथा आहे. थोर भक्तालाही चारचौघांतली परीक्षा झोंबली! पण देवाने त्यांना हाकलले नाही. विसोबा खेचरांसारखा गुरू दाखविला. कच्चे मडके फोडायचे नसते, भाजायचे असते. आणि आवा मंद आचेवर लावावा लागतो.

चौथी गोष्ट, वैद्य. कोणी म्हणतील, नामस्मरण आहे, मग वैद्य कशाला? वारीत पायाला फोड आला तर आपण नामही घेतो आणि मलमपट्टीही करतो. मनाचा फोड दिसत नाही, एवढेच. दोन आठवडे उलटूनही भय हटत नसेल, मूल जेवत-झोपत नसेल, खेळ सोडून कोपरा धरीत असेल, तर अंगारे-धुपारे करण्यात वेळ न दवडता जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तेथे मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. आणि मुलाच्या तोंडून ‘मला जगायचं नाही’ असे शब्द आले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलुपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. आपल्या शेतकऱ्याच्या घरात फवारणीची बाटली हाताशी असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता त्या गृहस्थांना दिलेले उत्तर सांगतो. ‘दादा, धागा नको आणि छडीही नको. धागा बांधलात तर लेकीला वाटेल, की माझ्यात काही भूत शिरले आहे. छडी काढलीत तर शाळेचे भय आहेच, त्यात बापाचे वाढेल. उद्या सकाळी तिच्याजवळ बसा आणि इतकेच म्हणा, की बाई, तुझं पोट खरंच दुखतं हे मला कळलं. आपण दोघं मिळून यातून वाट काढू. मग गुरुजींना भेटा, भांडायला नव्हे, मुक्काम ठरवायला.’ ते क्षणभर थांबून म्हणाले, ‘महाराज, असं तर मी तिला कधी बोललोच नाही.’ मंडळी, निम्मी ताटी एवढ्यानेच उघडते.

विठोबाचे ध्यान पाहा. अन्य देवांच्या हाती शस्त्रे असतात. आपला देव हात कटीवर ठेवून विटेवर उभा आहे. पुंडलिकाने ‘थांब’ म्हटले आणि तो थांबला. अठ्ठावीस युगे झाली, तरी कंटाळला नाही. आपण मात्र लेकरासाठी अठ्ठावीस दिवस थांबावयास तयार नसतो. वारकऱ्याने विठोबाकडून दुसरे काही घेतले नाही तरी चालेल, हे थांबणे घ्यावे. ज्या घरात आणि ज्या वर्गात भेदरलेल्या मुलाच्या ताटीशी कोणी तरी असे उभे आहे, तेथे चंद्रभागा वाहते असे समजा.

सर्व लेकरांना पांडुरंग अभय देवो, आणि आपल्याला त्यांच्या दाराशी थांबण्याचे बळ देवो, हीच संतचरणी प्रार्थना.

पुंडलिक वरदा हारी विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! आदिशक्ती मुक्ताई माता की जय!